आजीची व्हीलचेअर, लहान मुलं आणि उन्हाळ्यातलं डिस्ने वर्ल्ड: पहिल्यांदा जाणाऱ्या घरांसाठी

मे उजाडला की अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांत आजी-आजोबा आलेले असतात, मुलांच्या शाळा संपत आलेल्या असतात आणि फ्लोरिडाचा विषय निघतो. बोलणं तिकिटांपर्यंत जातं आणि मग कुणीतरी म्हणतं, "पण आईंचं काय? त्या हॉटेलवरच बऱ्या." आईसुद्धा म्हणतात, "तुम्ही जा रे, मी बसते जप करत." एवढ्यावर विषय संपवू नका.

ऑर्लँडोजवळचं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १९७१ साली उघडलं. आज तिथे चार मोठी पार्क आहेत: मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम. चारही ठिकाणी व्हीलचेअरवरच्या माणसाला दिवसभर पुरेल इतकं पाहण्यासारखं आहे. फक्त दिवस त्यांना झेपेल असा आखायचा आणि मुलांची यादी त्यात बसवायची. उलट केलं की आजी दिवसभर बाकाशेजारी बसून सगळ्यांच्या पिशव्या सांभाळते, आणि त्यासाठी तिला एवढ्या लांब नेण्यात काहीच अर्थ नाही.

खाली आमच्या सासूबाईंना धरून "आई" म्हटलं आहे. तुमच्या घरी आजोबा असतील, आत्या असेल किंवा एखादं मूलच व्हीलचेअरवर असेल. बहुतेक सगळं तसंच लागू पडतं.

सगळ्यात आधी: उठून बसता येतं का?

तारीख, तिकीट, हॉटेल यांच्याही आधी घरात एका प्रश्नाचं खरं उत्तर मिळवा. तुमच्या माणसाला खुर्चीतून उठून शेजारच्या आसनावर बसता येतं का? येत असेल तर ते आसन किती उंच, किती खोल चालतं, आणि आधार कुणाचा लागतो? डिस्नेने आपल्या राइड्सची विभागणी नेमकी याच उत्तरावर केली आहे. काही ठिकाणी खुर्चीसकट आत जाता येतं. काही ठिकाणी मोटरची स्कूटर (चालायला त्रास होणाऱ्यांनी बसून चालवायची विजेची गाडी) बाहेर ठेवून साध्या व्हीलचेअरवर बसायचं (ती तिथेच मिळते) आणि त्या खुर्चीसकट राइड करायची. काही ठिकाणी खुर्ची सोडून राइडच्या आसनावर बसावंच लागतं. आणि थोड्या राइड्स अशा आहेत की तिथे स्वतःच्या पायांनी चालता आलंच पाहिजे. वेबसाइटवर आणि ॲपमध्ये प्रत्येक राइडच्या माहितीत हे लिहिलेलं असतं. तिथे जाऊन शोधू नका, घरूनच यादी करून न्या.

पार्कचे कर्मचारी अतिशय प्रेमाने वागतात, पण कुणालाही उचलून किंवा धरून आसनावर बसवत नाहीत. ते काम घरच्यांचं. म्हणून निघायच्या आधी दोन-तीन आठवडे घरी सराव करा. गाडीची सीट आणि खोलगट सोफा या दोन्हींवर काय जमतं ते पाहा. बोटीच्या राइडमध्ये पाऊल खाली टाकून उतरावं लागतं, तेव्हा एका पायरीवरूनही उतरून पाहा. क्रम कायम तोच ठेवा: दोन्ही ब्रेक लावा, फूटरेस्ट बाजूला वळवा, पाय जमिनीवर नीट टेकू द्या, मग उठवा. काखेत हात घालून ओढू नका, त्याने खांदा दुखावतो. कमरेला बांधायचा रुंद ट्रान्सफर बेल्ट मिळतो. तो कसा वापरायचा हे फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या. हे शिकलेली दोन माणसं बरोबर हवीत, कारण एक जण मुलाला घेऊन शौचालयात गेला की दुसरा लागतोच.

कधी जायचं

महाराष्ट्रातल्या शाळांची सुट्टी साधारण जूनच्या मध्यापर्यंत असते. अमेरिकेतल्या शाळा राज्यागणिक मेच्या अखेरीपासून जूनच्या अखेरीपर्यंत सुटतात. चुलत-मावस भावंडं भारतातून येणार असतील आणि तुमची मुलं अजून शाळेच्या वयाची नसतील, किंवा तीन-चार दिवस शाळा बुडवणं तुम्हाला चालत असेल, तर मेचा पहिला पंधरवडा माझ्या मते सगळ्यात उत्तम. ऊन असतं पण जुलैसारखं अंगावर येत नाही, आणि मेमोरियल डेच्या सुट्टीची गर्दीही सुरू झालेली नसते.

जून ते सप्टेंबर जायचं असेल तर दोन गोष्टी गृहीत धरा. पारा ३२-३३ अंशांवर असतो, पण हवेतल्या दमटपणामुळे तो मुंबईच्या मे महिन्यासारखा वाटतो. आणि दुपारी जवळजवळ रोज विजांसह पाऊस येतो. विजा सुरू झाल्या की उघड्यावरच्या राइड्स बंद होतात, रोपवेसारखी हवेतून जाणारी स्कायलायनर गोंडोलासुद्धा थांबते. १ जून ते ३० नोव्हेंबर हा तिकडचा चक्रीवादळांचा हंगाम असतो, म्हणून विमान आणि हॉटेल बदलता येईल असंच घ्या. फ्लोरिडातल्या शाळा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला सुरू होतात आणि त्यानंतर रांगा कमी होतात, ऊन मात्र तेवढंच राहतं.

तिकीट आणि हॉटेल

३ वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, ३ ते ९ वर्षांना लहान मुलांचं, १० पासून मोठ्यांचं. ज्येष्ठांना किंवा अपंग व्यक्तींना वेगळी सवलत नाही. दर तारखेप्रमाणे बदलतात. सलग चार दिवस चार पार्क करण्याचा हट्ट धरू नका. एक दिवस पार्क, एक दिवस विश्रांती असं ठेवलं तर आईंच्या पायांची सूजही उतरते आणि मुलांना हॉटेलचा पोहण्याचा तलाव मिळतो. मुलांना तो बहुधा राइड्सइतकाच आवडतो.

हॉटेल घेताना "ॲक्सेसिबल खोली" एवढ्यावर थांबू नका. त्यात दोन प्रकार असतात. एकीत बाथटब असतो आणि भिंतीला धरायचे दांडे असतात, दुसरीत उंबरठा नसलेला रोल-इन शॉवर असतो. ज्यांना टबची कड ओलांडता येत नाही त्यांना पहिली खोली काही उपयोगाची नाही. फोन करून रोल-इन शॉवर आणि न्हाणीतलं आसन दोन्ही मागा, पलंगाची उंचीही विचारा. डिस्नेच्या हॉटेलात राहिलात तर पार्क अर्धा तास लवकर उघडतं. उन्हाळ्यातला तो सकाळचा अर्धा तास मोलाचा असतो. तिथल्या बसला रॅम्प आहे, मोनोरेलमध्येही खुर्ची सरळ आत जाते.

स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं की मॅजिक किंगडमच्या दाराशी गाडी जात नाही. ती तळ्याच्या अलीकडे लावायची आणि तिथून फेरीबोटीने किंवा मोनोरेलने पुढे जायचं. आईंना घेऊन फेरीबोटच घ्या. वाऱ्यावर बसता येतं आणि समोर किल्ला हळूहळू जवळ येतो. तुमच्या राज्याचं अपंगांसाठीचं पार्किंग कार्ड असेल तर ते फ्लोरिडात चालतं, न विसरता घ्या.

खुर्ची कुठली

पार्कमध्ये दारातच व्हीलचेअर आणि मोटरची स्कूटर भाड्याने मिळते, जो आधी येईल त्याला. पण ती दाराबाहेर नेता येत नाही. म्हणजे बसथांब्यापासून दारापर्यंतचं आणि परतीचं चालणं उरतंच. स्वतःची खुर्ची असेल तर तीच न्या, नसेल तर हॉटेलवर पोचवून देणारे भाडेवाले ऑर्लँडोत बरेच आहेत.

चारही चाकं लहान असलेली हलकी खुर्ची विमानतळावर सोयीची असते, पार्कमध्ये ती दमवते. मॅजिक किंगडमच्या मेन स्ट्रीटवर घोड्यांच्या ट्रामचे रूळ आहेत आणि लहान चाक त्या फटीत नेमकं अडकतं. रूळ तिरके ओलांडू नका. खुर्ची रुळांना काटकोनात आणा, किंचित मागे कलवून पुढची चाकं उचला आणि मग पलीकडे न्या. ॲनिमल किंगडममध्ये मातीच्या वाटेसारखे दिसावेत म्हणून रस्ते मुद्दाम खडबडीत केले आहेत आणि चढउतारही आहेत. तिथे मागची मोठी चाकं आणि जाड गादी हवीच. उतारावर माणसाला पाठमोरं ठेवून उतरा, म्हणजे ढकलणारा खाली आणि खुर्ची त्याच्याकडे पाठ करून.

स्कूटर १८ वर्षांवरील व्यक्तीलाच चालवता येते. ज्यांनी ती कधी चालवलेली नाही त्यांना भर गर्दीत शिकायला लावू नका. पुढे अचानक थांबणारी मुलं असतात, आणि आजी घाबरली की पुन्हा बसायला तयार होत नाही.

भारतातून येताना मुंबई-ऑर्लँडो थेट विमान नाही, मध्ये उतरावं लागतं. तिकिटाच्या वेळीच व्हीलचेअर मदत नोंदवा. तिला पैसे पडत नाहीत, आणि स्वतःची खुर्ची सामानाच्या वजनात धरली जात नाही. ती विमानाच्या दारापर्यंत वापरून तिथेच द्या. फूटरेस्ट, गादी असे सुटे होणारे भाग मात्र काढून बरोबर आत घ्या, ते हरवतात. देण्याआधी खुर्चीचे फोटो काढून ठेवा. आणि आई-बाबांचा प्रवासी आरोग्य विमा जुन्या आजारांना लागू आहे का, हे निघायच्या आधी वाचा.

रांगांबद्दलचा गैरसमज

व्हीलचेअर असली की सगळीकडे पुढे सोडतात, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. तसं आता नाही. बहुतेक रांगा खुर्ची जाईल इतक्या रुंद आहेत आणि तिथे सगळ्यांसारखंच उभं राहायचं. मॅजिक किंगडममधल्या काही जुन्या राइड्सच्या रांगेतून खुर्ची जात नाही. तिथे त्या वेळच्या रांगेइतकी पुढची वेळ देतात आणि दुसऱ्या दाराने नेतात. 'डीएएस' (डिसॅबिलिटी ॲक्सेस सर्व्हिस) नावाची, रांगेत उभं न राहता दिलेल्या वेळी येण्याची सोय मे २०२४ पासून मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अडचणींमुळे फार वेळ रांगेत थांबू न शकणाऱ्यांसाठी आहे. घरात असं मूल असेल तर आधीच व्हिडिओ कॉलवर बोलून नोंद करा. बाकीच्यांनी पैसे भरून मिळणारा, छोट्या रांगेतून नेणारा 'लायटनिंग लेन' घ्यायचा की नाही ते ठरवायचं. मी म्हणेन, उन्हाळ्यात मॅजिक किंगडमच्या दिवशी तरी घ्या. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना तो ७ दिवस आधी घेता येतो, बाकीच्यांना ३ दिवस आधी.

सगळ्यांनी एकत्र बसायच्या राइड्स

यादी करताना वर लिहा त्या राइड्स, जिथे आई खुर्चीसकट बसू शकतात आणि मुलंही शेजारी. त्या पुष्कळ आहेत. मॅजिक किंगडममध्ये 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' आणि 'जंगल क्रूझ' या दोन्ही बोटींना खुर्चीची वेगळी बोट आहे. त्या बोटी मोजक्याच असल्याने थोडं जास्त थांबावं लागतं. स्मॉल वर्ल्डमध्ये आता व्हीलचेअरवर बसलेली बाहुलीही आहे, मुलांना ती शोधायला सांगा. 'विनी द पू' आणि 'लिटल मर्मेड' यांतही खुर्ची आत जाते. 'पीटर पॅन्स फ्लाइट' मात्र चालता येणाऱ्यांसाठीच आहे, कारण सरकत्या पट्ट्यावरून चढावं लागतं.

एपकॉटमध्ये सुरुवात 'लिव्हिंग विथ द लँड'ने करा, असा माझा आग्रह आहे. द लँडच्या इमारतीत वरच्या मजल्यावरून आत शिरतो आणि राइड खालच्या मजल्यावर आहे, म्हणून लिफ्टची खूण आधी पाहून ठेवा. बोट संथ आहे, धक्के नाहीत, आत गारवा आहे, आणि अर्ध्या वाटेनंतर ती काचेच्या मोठ्या हरितगृहांतून जाते. टोमॅटोचे वेल छताकडे चढवलेले, भोपळे जाळीत लोंबकळणारे, मुळं हवेत आणि वर पाण्याचा फवारा. आमच्या आई आयुष्यभर परसात भाज्या लावत आल्या. बोटीतून त्या नातवाला एकेक वेल दाखवत सुटल्या: हा बघ काकडीचा, याचं पान बघ कसं खरखरीत. पुढच्या बोटीतल्या बाई मागे वळून ऐकत होत्या. रोलर कोस्टरवर मुलं आजीला काहीतरी सांगतात. इथे आजी मुलांना सांगते, म्हणून ही राइड यादीत वर हवी. एपकॉटच्या मागच्या बाजूला तळ्याभोवती ११ देशांचे भाग आहेत. तो फेरा सुमारे १.२ मैलांचा, म्हणजे दोन किलोमीटरच्या जवळपास आहे. भर दुपारी ढकलत जाऊ नका, संध्याकाळी जा.

ॲनिमल किंगडममध्ये 'किलिमंजारो सफारी'च्या गाडीत खुर्ची चढते, पण रस्ता खडखडाटी आहे. पाठीच्या मणक्याचा त्रास किंवा ठिसूळ हाडं असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सकाळी लवकर गेलात तर प्राणी जास्त दिसतात. 'लायन किंग'चा कार्यक्रम वातानुकूलित सभागृहात होतो आणि खुर्चीसाठी जागा राखलेली असते. हॉलिवूड स्टुडिओजमध्ये 'टॉय स्टोरी मेनिया'ला खुर्चीची गाडी आहे, नातवंडं विरुद्ध आजी असा नेमबाजीचा सामना रंगतो.

प्रत्येक राइडच्या दाराशी एक प्रश्न नक्की विचारा: मध्येच बंद पडली तर चालू न शकणाऱ्यांना बाहेर कसं काढतात? काही ठिकाणी मदत येईपर्यंत बराच वेळ आतच बसून राहावं लागतं.

ऊन, पाणी आणि शौचालय

बऱ्याच आज्या प्रवासात पाणी पीत नाहीत, कारण वारंवार उठवायला लावायचं त्यांच्या जिवावर येतं. त्या हे बोलून दाखवत नाहीत. फ्लोरिडाच्या उन्हात, रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असताना, हे खरोखर धोक्याचं आहे. यावर उपाय म्हणजे शौचालयाची वेळ दिवसाच्या आखणीतच घालणं. दर दोन तासांनी सगळेच जाऊन येतील, म्हणजे कुणा एकीसाठी थांबल्यासारखं होत नाही. 'कंपॅनियन रेस्टरूम' ही वेगळी, मोठी खोली असते. तिथे मुलगा आईला किंवा सून सासऱ्यांना घेऊन जाऊ शकते. ती नकाशावर आधीच शोधून ठेवा. पाणी विकत घेत बसू नका. झटपट खाण्याच्या काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं की पेल्यात फुकट मिळतं.

प्रत्येक पार्कमध्ये फर्स्ट एड केंद्र आहे. तिथे घटकाभर आडवं होता येतं, इन्सुलिनसारखी औषधं फ्रिजमध्ये ठेवून घेतात. पहिल्या दिवशी आत शिरल्याबरोबर ते कुठे आहे ते बघून या.

खुर्चीवर बसून राहणाऱ्याला चालणाऱ्यापेक्षा ऊन जास्त बाधतं. मांड्यांवर थेट ऊन, खाली घाम, पाठ रेक्झिनला चिकटलेली. मांडीवर पांढरा सुती पंचा पसरा, एक ओला पंचा मानेला द्या, गादीवर सुती कव्हर घाला. दर अर्ध्या तासाने हातांवर जोर देऊन अंग किंचित उचलायला सांगा किंवा थोडं एका बाजूला कलायला लावा, म्हणजे एकाच जागी दाब पडून कातडी सोलवटत नाही. उन्हात उभ्या राहिलेल्या खुर्चीचं लोखंड चटका देतं, बसवण्याआधी हात लावून पाहा.

आणि साडी. पदर किंवा ओढणी चाकात गेली तर एका क्षणात ओढली जाते. आई साडीच नेसणार असतील तर पदर कमरेत खोचून पिनेने बसवा, निऱ्यांची कड गुडघ्यांमध्ये दाबून घ्या, आणि खुर्चीला दोन्ही बाजूंनी गार्ड आहेत का ते बघा. आमच्याकडे सुती पंजाबी ड्रेस ठरला, ओढणीशिवाय.

दिवस असा आखा: दार उघडायच्या आधी हजर, साडेअकरा-बारापर्यंत बाहेरच्या गोष्टी, मग हॉटेलवर परत आणि सगळ्यांची झोप, पाच वाजता पुन्हा. परत जाणं शक्य नसेल तर दुपार आतल्या कार्यक्रमांना ठेवा. 'फिलहारमॅजिक', 'कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस', 'मॉन्स्टर्स इंक लाफ फ्लोअर' हे सगळे गार सभागृहात, खुर्चीसकट. पाऊस आला की छत्री निरुपयोगी, ढकलणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. खुर्चीसकट झाकणारा पाँचो घरूनच घ्या.

खाणं

बाहेरचं खाणं आत नेता येतं. काचेच्या बाटल्या आणि सुटा बर्फ चालत नाही, आणि थंड ठेवायची पिशवी २४ × १५ × १८ इंचांपेक्षा मोठी नको. दुधातल्या दशम्या, मेथीचे ठेपले, सुकी चटणी, चिवडा, कोकमाची किंवा लिंबाची सरबत पावडर एवढ्यावर दिवस निघतो आणि आईंच्या गोळ्यांच्या वेळा चुकत नाहीत. एखाद्या संध्याकाळी ॲनिमल किंगडम लॉजमधल्या 'सना'ला जा. तिथे नान आणि वेगवेगळ्या चटण्यांचं मोठं ताट मिळतं, आणि खिडकीबाहेर जिराफ चरत असतात.

मुलांसाठी

काही राइड्सना उंचीची अट आहे. 'सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन' आणि 'स्लिंकी डॉग डॅश'साठी ३८ इंच (९७ सेंमी), 'स्पेस माउंटन' आणि 'फ्लाइट ऑफ पॅसेज'साठी ४४ (११२ सेंमी), 'ट्रॉन'साठी ४८ (१२२ सेंमी). घरी भिंतीवर खुणा करून मुलांना आधीच दाखवा, म्हणजे दाराशी रडारड होत नाही. 'रायडर स्विच' नावाची सोय मागून घ्या. एक पालक धाकट्याला किंवा न बसणाऱ्या आजीला घेऊन बाहेर थांबतो, दुसरा मोठ्याला घेऊन जातो आणि मग अदलाबदल होते, दुसऱ्यांदा पूर्ण रांग लावावी लागत नाही.

धाकट्याला आजीच्या मांडीवर बसवून खुर्ची ढकलू नका, फूटरेस्टवर उभंही करू नका. खुर्ची पुढे कलंडू शकते. पाच-सहा वर्षांच्या मुलालाही तिथे स्ट्रोलर घ्या. रुंदी ३१ इंच आणि लांबी ५२ इंचांपर्यंत चालते. म्हणजे ढकलायला दोन वाहनं, आणि ढकलणारी मोठी माणसं किमान दोन.

परेड, आतषबाजी आणि परतणं

परेडसाठी व्हीलचेअरवाल्यांची जागा राखलेली असते, पण ती लवकर भरते आणि बरोबर मोजकीच माणसं थांबू देतात. पाऊण तास आधी जा, पाळीपाळीने बसा. रात्रीच्या आतषबाजीला खुर्चीवरच्या माणसाला समोरच्यांच्या पाठीच दिसतात, म्हणून मागे राहून उंच जागा किंवा मोकळा रस्ता शोधा. संपल्याबरोबर निघू नका. अंधारात हजारो माणसं एकदम दाराकडे वळतात, त्यांची नजर वर असते आणि खुर्ची त्यांच्या गुडघ्यांच्या उंचीवर. अर्धा-पाऊण तास दुकानात किंवा बाकावर काढा, मुलांना दूध-बिस्किटं द्या, आईंना शौचालयाला नेऊन आणा.

बसथांब्यावर व्हीलचेअरवाल्यांची रांग वेगळी असते आणि त्यांना आधी चढवतात. ड्रायव्हर पट्ट्यांनी खुर्ची बांधतो. ब्रेक तुम्ही स्वतः तपासा. खोलीवर पोचलात की गादीचं कव्हर धुऊन वाळत घाला, स्कूटर असेल तर चार्जिंगला लावा, आणि आईंच्या टाचा, कंबर, मांड्यांवर लाल डाग आहेत का ते पाहा. डाग अर्ध्या तासात गेले नाहीत तर दुसऱ्या दिवशीचं पार्क रद्द करा आणि डॉक्टरांना फोन करा.